जुन्या पिकअपची उंची वाढवताना...

महामार्ग सोडून महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांकडे वळले, की रस्त्याचे रूप पालटते. पावसाने उखडलेली खडी, ओढ्यातील गोटे आणि तीव्र चढ यांमुळे चारही चाकांना शक्ती देणारी जुनी पिकअप या भागात उपयोगी पडते. तिचे पोट दगडांना घासू लागले, की मालक गाडी उंच करून घेण्याचा विचार करू लागतो. मात्र लिफ्ट किट घेण्यापूर्वी गाडीने मूळची उंची किती गमावली आहे, हे तपासणे आवश्यक असते.

वर्षानुवर्षे ओझे वाहून पाटे बसतात. कोकणच्या पावसात ते गंजतात. रिकामी गाडी सपाट जागी उभी करून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. डाव्या-उजव्या बाजूंत ठळक फरक आढळल्यास एखादा पाटा बसलेला किंवा तुटलेला असण्याची शक्यता असते. अनेकदा नवे पाटे, बुश आणि शॉक अॅब्सॉर्बर बसवल्यावर लिफ्टची गरजच उरत नाही.

लिफ्टविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. तिच्यामुळे चासी आणि बॉडी वर जाते. पण सलग अॅक्सल असलेल्या गाडीचा डिफरन्शियलचा गोळा जिथल्या तिथे राहतो. तो उंचावायचा तर टायरच मोठे लागतात. लिफ्टचा खरा लाभ खड्ड्यात उतरताना, वर चढताना आणि उंचवटा ओलांडताना पोट न टेकण्यात आहे. त्यासाठी बहुतेक गाड्यांना दीड ते दोन इंच पुरेसे ठरतात.

प्रकार निवडताना माल वाहायचा की नाही, हे पाहावे. जादा पाटा घातल्याने उंचीबरोबर कडकपणाही वाढतो. रोज भात, खत किंवा चिरे वाहणाऱ्यास तो चालतो, रिकाम्या गाडीला मात्र हादरे बसतात. अधिक कमान असलेला पाट्यांचा पूर्ण संच महाग, पण सर्वांत समतोल. अॅक्सल आणि पाटा यांच्यामध्ये ठोकळा घालण्याचा उपाय स्वस्त आहे. तो मागे चालतो, पुढच्या अॅक्सलला कधीही नको. लांब शॅकलने पुढच्या चाकांचा कॅस्टर बिघडून स्टीअरिंग भरकटते. टाटा झेनॉनसारख्या गाड्यांना पुढे टॉर्शन बार असतो. तो पिळून उंची मिळते खरी, पण चाकाला खाली जाण्यास वाव कमी उरतो आणि ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यांवर ताण येतो.

ब्रेककडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा जोर भारानुसार ठरवणारा व्हॉल्व्ह चासी आणि अॅक्सल यांना जोडलेला असतो. मागची बाजू उंचावली, की भरलेली गाडीही त्याला रिकामी भासते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. पोलादपूर ते महाबळेश्वर हा आंबेनळी घाट माल घेऊन उतरणाऱ्याला याचा अर्थ निराळा सांगायला नको. किट बसवताना त्या व्हॉल्व्हची जोडणी नव्याने जुळवणे आणि ब्रेकचे होज पुरेसे लांब असल्याची खात्री करणे अनिवार्य आहे. शिवाय गुरुत्वमध्य वर सरकतो. त्यात हौद्याच्या कठड्यांवरून रचलेला माल असेल, तर वळणावर गाडी अधिक झुकते.

उंच गाडी पुरातून निघते, ही समजूतही सोडावी. जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुराने महाड शहर बुडाले होते; तशा वाहत्या पाण्यापुढे दोन इंचांचा पाड लागत नाही. इंजिनात हवा घेणारी वाट आणि अॅक्सलचे ब्रीदर लिफ्टने आपोआप सुरक्षित होत नाहीत.

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ वाहनातील फेरफारांवर निर्बंध घालते, आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे पेण येथील परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे आधीच विचारणा करावी.

काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करून हेडलाइटचा झोत खाली घ्यावा. यू-बोल्ट नवेच वापरावेत आणि काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत. भरलेल्या गाडीची पहिली चाचणी घाटात नव्हे, सपाट रस्त्यावर घ्यावी.