फूटीचा उन्हाळी सराव आणि कुंपणाबाहेरची माणसं

पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा. खेळाची आहे, पण नुसती खेळाची नाही.

मेलबर्नचं क्रिकेट मैदान आपल्याला टीव्हीवरून पाठ आहे. २०२० च्या डिसेंबरात अ‍ॅडलेडला ३६ धावांत अख्खा संघ गारद झाला आणि पुढच्याच कसोटीत आपल्या नगर जिल्ह्यातल्या अजिंक्य रहाणेने याच मैदानावर ११२ काढल्या, ते कोण विसरेल? पण मार्च उजाडला की तिथल्या माणसासाठी ते क्रिकेटचं मैदान राहत नाही. तिथून सप्टेंबरअखेरपर्यंत तिथे चालतो तो ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. लोक नुसतं 'फूटी' म्हणतात.

या खेळाचा जन्मच मुळी सरावातून झालाय. टॉम विल्स हा व्हिक्टोरियाचा तेव्हाचा नामांकित क्रिकेटपटू, इंग्लंडमधल्या रग्बी शाळेत शिकून परत आलेला. १० जुलै १८५८ ला 'बेल्स लाइफ इन व्हिक्टोरिया' या पत्रात त्याचं एक पत्र छापून आलं. म्हणणं साधं होतं. क्रिकेटचा हंगाम संपला की खेळाडू हिवाळाभर बसून राहतात, अंग जड होतं, सांधे आखडतात. तर एक फुटबॉल क्लब काढा आणि नियम ठरवा. ते जमत नसेल तर निदान रायफल क्लब तरी काढा!

महिनाभरात, ७ ऑगस्टला, रिचमंड पॅडॉक नावाच्या मोकळ्या कुरणात दोन शाळांचा सामना सुरू झाला. एकेका बाजूला चाळीस-चाळीस पोरं. निकालच लागेना म्हणून पुढे आणखी दोन शनिवार खेळले. १७ मे १८५९ ला दहा नियम लिहून काढले गेले. लंडनच्या फुटबॉल असोसिएशनची स्थापना १८६३ ची, म्हणजे हे चार वर्षं आधीचं. त्याही आधीपासून तिथले मूळ रहिवासी कातड्याचा चेंडू उंच उडवून झेलायचा 'मार्नग्रूक' नावाचा खेळ खेळत. त्याचा फूटीवर किती परिणाम झाला, यावर इतिहासकार अजून भांडतायत.

ते कुरण म्हणजे आजचा यारा पार्क. क्रिकेटचं मोठं मैदान त्याच पार्कात आहे, आणि शेजारी, चालत पाच-सात मिनिटांवर, पंट रोड ओव्हल आहे. रिचमंड क्लब १८८५ पासून तिथेच आहे. २०१९ च्या जानेवारीत भाच्याकडे महिनाभर मेलबर्नला होतो, तेव्हा तिथे चार-पाच सकाळी जाऊन उभा राहिलो. सामने मार्चात सुरू होणार, त्यामुळे सराव फक्त. तिकीट नाही, पास नाही, वॉचमन नाही. कमरेएवढ्या कुंपणाला टेकून उभं राहायचं.

आधी खेळ थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मैदान अंडाकृती, चेंडूही अंडाकृती. एका बाजूला १८ खेळाडू. दोन्ही टोकांना चार-चार खांब. लाथ मारून चेंडू मधल्या दोन खांबांतून घालवला तर ६ गुण, बाजूच्या खांबांतून गेला तर १. चेंडू हाताने फेकायचा नाही. एका तळहातावर धरायचा आणि दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोकायचा. पंधरा मीटरच्या वरून लाथेने आलेला चेंडू हवेतच झेलला तर ती 'मार्क', मग निवांत किक मारायला मिळते. वीस-वीस मिनिटांचे चार डाव, पण चेंडू थांबला की घड्याळही थांबतं, त्यामुळे एकेक डाव अर्ध्या तासाकडे जातो. मैदान दीडशे-पावणेदोनशे मीटर लांब. एक खेळाडू सामन्यात बारा-तेरा किलोमीटर सहज पळतो, वर धडका खातो तो भाग वेगळा.

आता एवढं पळायचं तर तयारी उन्हाळ्यातच करावी लागणार. आणि तिकडचा उन्हाळा म्हणजे डिसेंबर-जानेवारी, पारा एखाद्या दिवशी चाळिशी गाठतो. नोव्हेंबरात तरणी पोरं आधी येतात, मग जुने. नाताळची सुट्टी. जानेवारीत पुन्हा जुंपायचं. मी बघितलं ते हे. सकाळी नऊच्या आसपास चाळीसेक जण बाहेर येतात, नाकावर पांढरं मलम, पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये काडेपेटीएवढं यंत्र. कोण किती पळाला, किती जोरात पळाला, सगळं त्यात नोंदलं जातं. चेंडूला बूट लागतो तो आवाज मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू येतो. सामन्यात नव्वद हजारांच्या गोंगाटात तो कुणाला ऐकू येत असेल?

कुंपणापाशी रोजची पंधरा-वीस माणसं. बहुतेक निवृत्त. एक आजी घडीची खुर्ची आणि थर्मास घेऊन यायच्या. एका आजोबांकडे दुर्बीण आणि वही. वहीत प्रत्येक खेळाडूच्या नंबरापुढे खुणा. मी पत्रकार आहे म्हटल्यावर ते म्हणाले, पळणाऱ्यांकडे काय बघतोस, जे पळत नाहीत त्यांच्याकडे बघ. खरंच, मैदानाच्या कडेने दोघं-तिघं फिजिओबरोबर हळूहळू धावत होते. कुणाचा गुडघा, कुणाची मांडी. या आजोबांना त्यांची चाल बघून कळायचं कोण मार्चला खेळणार आणि कोण मेपर्यंत घरी. आपल्याकडे तालमीच्या दाराशी उभी राहून पैलवानाच्या जोरबैठका मोजणारी म्हातारी माणसं असायची ना, अगदी तीच जात.

त्यांच्या बापाच्या पिढीत मात्र कुंपणाच्या आतला आणि बाहेरचा यांत एवढा फरक नव्हता. १८९७ मध्ये आठ क्लबांची व्हिक्टोरियन फुटबॉल लीग सुरू झाली. जवळजवळ सगळे क्लब शहरातल्या एकेका वस्तीचे. रिचमंड १९०८ ला आत आलं. खेळाडू त्याच वस्तीतला नळदुरुस्तीवाला, शिक्षक, पोलीस. दिवसभर नोकरी, मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सराव, शनिवारी सामना. गुरुवारी संघ जाहीर व्हायचा म्हणून त्या संध्याकाळी मैदानावर गर्दी. उन्हाळ्यात तर मैदान क्रिकेटच्या ताब्यात, मग हे लोक बागेभोवती पळायचे. मेलबर्नच्या वनस्पती उद्यानाभोवतीची पावणेचार किलोमीटरची वाट, 'टॅन' म्हणतात तिला, आजही धावणाऱ्यांनी भरलेली असते.

उन्हाळी मेहनतीला धार आणली ती साठच्या दशकात. हॉथॉर्नचे जॉन केनेडी पेशाने शिक्षक. पोरांना सैनिकासारखं राबवलं, म्हणून त्या संघाचं नावच पडलं 'केनेडीचे कमांडो'. १९६१ ला हॉथॉर्नने पहिलं विजेतेपद घेतलं. रिचमंडला १९६६ पासून टॉम हेफी आले, त्यांचाही जीव पळण्यात. १९६७, ६९, ७३, ७४ अशी चार विजेतेपदं. हे गृहस्थ म्हातारपणीही पहाटे उठून पळायचे, जोर मारायचे, समुद्रात पोहायचे. २०१४ ला गेले. दोघंही कडक, पण त्यांची कडक शिस्त गावाला दिसत होती. उद्या कुणाला चक्कर आली तर ती शंभर माणसांसमोर येणार.

ऐंशीच्या दशकात पैसा आला. १९८२ ला साउथ मेलबर्न क्लब उचलून सिडनीला गेला, १९८७ ला पर्थ आणि ब्रिस्बेनचे संघ आले, १९९० ला लीगचं नाव ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग झालं. नोकरी करून खेळणारा खेळाडू हळूहळू संपला, आणि पूर्णवेळ खेळाडूला पूर्णवेळ सराव केंद्र लागलं. कॉलिंगवूडने व्हिक्टोरिया पार्क सोडलं, हॉथॉर्नने ग्लेनफेरी ओव्हल सोडलं, एसेंडनने २०१३ ला विंडी हिल सोडून विमानतळाजवळ टुलामरीनला मोठं केंद्र बांधलं. तिथे वस्तीतला माणूस सहज चालत जाऊन उभा राहू शकत नाही. रिचमंडवाले जुन्या जागी राहिले याचं त्या आजींना केवढं अप्रूप होतं!

पण सगळं पाप नव्या इमारतींच्या माथी मारू नका. एसेंडनचं इंजेक्शन प्रकरण २०१२ च्या हंगामाच्या तयारीत सुरू झालं, तेव्हा क्लब जुन्या विंडी हिललाच होता. ताकद वाढवायच्या नावाखाली खेळाडूंना टोचण्या दिल्या गेल्या. चौकशी वर्षानुवर्षं चालली आणि जानेवारी २०१६ मध्ये क्रीडा लवादाने ३४ आजी-माजी खेळाडूंवर बंदी घातली. कप्तान जोब वॉटसनचं २०१२ चं ब्राउनलो पदक गेलं, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान. कुंपणावरचे लोक पळणं बघत होते, टोचणी कुणाला दिसणार?

चेंडूचंही तसंच. फूटीचा चेंडू म्हणजे शेरिन, एकोणिसाव्या शतकापासून मेलबर्नचं घरचं नाव. २०१२ ला तिथल्या वर्तमानपत्रांनी उघड केलं की लहान मुलांना वाटायचे स्वस्त शेरिन आपल्या जालंधरमध्ये शिवले जातात आणि शिवणाऱ्यांत शाळेच्या वयाची पोरंही आहेत. चेंडूत सुया निघाल्या तेव्हा कंपनीने माल परत मागवला.

आता अ‍ॅडलेडचं सांगतो, कारण ही पोस्ट खरी त्यासाठीच आहे. २०१७ च्या अंतिम सामन्यात रिचमंडने अ‍ॅडलेडला ४८ गुणांनी हरवलं. १९८० नंतर, ३७ वर्षांनी विजेतेपद. त्या वर्षीच्या उन्हाळी तयारीत रिचमंडच्या खेळाडूंनी एक गोष्ट सुरू केली होती. एकेकाने उठून बाकीच्यांसमोर आपला आदर्श कोण, आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख कोणतं आणि सगळ्यात चांगला क्षण कोणता, हे सांगायचं. तेही बंद खोलीतच. पण सांगणारा आपला, ऐकणारे आपले, आणि सांगितलेलं कुणी उलटवायचं नाही.

हरलेल्या अ‍ॅडलेडने जानेवारी २०१८ मध्ये मन कणखर करायला संघाला गोल्ड कोस्टला चार दिवसांच्या शिबिराला नेलं. चालवायला बाहेरची कंपनी. तिथे काय झालं याच्या बातम्या तुकड्यातुकड्यांनी येत राहिल्या. लीगने चौकशी केली, नियमभंग नाही असा निष्कर्ष काढला. मी पंट रोडला होतो तेव्हा या शिबिराला वर्ष झालं होतं. विषय निघाला की आजोबा वही मिटून नुसती मान हलवायचे.

ऑगस्ट २०२२ मध्ये एडी बेट्सचं आत्मचरित्र आलं. बेट्स हा मूळ रहिवासी समाजातला, अ‍ॅडलेडचा लाडका खेळाडू, अशक्य कोनातून गोल मारणारा. त्याने लिहिलं की फोन काढून घेतले, डोळ्यांवर पट्टी बांधून बसमधून नेलं, आणि समुपदेशकाला विश्वासाने सांगितलेल्या घरच्या गोष्टी सगळ्यांसमोर ओरडून त्याच्यावर फेकल्या. त्याच्या समाजाच्या विधींचाही वापर झाला, असं त्याचं म्हणणं. घरी परतल्यावर बायकोला काय सांगायचं आणि काय नाही, तेही आधी ठरवून दिलेलं. त्याच्या पाठोपाठ इतरही बोलले. मग क्लबने माफी मागितली. साडेचार वर्षांनी.

तोवर व्हायचं ते झालं होतं. अंतिम फेरी खेळलेला संघ २०१८ ला बाराव्या क्रमांकावर गेला. २०१९ च्या शेवटी बेट्स क्लब सोडून कार्लटनला गेला. २०२० ला अ‍ॅडलेड इतिहासात पहिल्यांदा तळाला. सगळं शिबिरामुळेच झालं असं म्हणणं घाईचं होईल, संघ इतर शंभर कारणांनीही मोडतात. पण मला पत्रकार म्हणून एक गोष्ट खुपते. चौकशी झाली, कागद झाला, सही झाली, आणि ज्याच्यावर बेतलं त्याला आपलं म्हणणं सांगायला स्वतः पुस्तक लिहावं लागलं. 'चौकशीत काही आढळलं नाही' हे वाक्य मी आपल्या तालुक्यात इतक्या वेळा छापलंय, की ते वाचताना मला गोल्ड कोस्ट फार लांब वाटलं नाही.

आता २०२८ ला टास्मानियाचा नवा, एकोणिसावा संघ यायचाय. त्याच्या सराव केंद्रासाठी आधी होबार्टजवळच्या रोझनी पार्कची जागा पुढे आली होती. स्थानिकांनी विरोध केला. आमची मोकळी जागा आहे, इथे आम्ही फिरतो, म्हणाले. शेवटी केंद्र किंग्स्टनला न्यायचं ठरलं. तिथे कुंपण केवढं उंच असेल, हे बघायला पुन्हा जायला मिळालं तर नक्की लिहीन.