संगणक सुरू का होत नाही? पहिल्या ५१२ बाइटांच्या ताब्याचा इतिहास

१/ नवी ऑपरेटिंग सिस्टीम बसवावी आणि संगणकाने सुरू होण्यासच नकार द्यावा, हा अनुभव अनेकांच्या परिचयाचा आहे. अशा वेळी डिस्कवरील माहिती बहुधा शाबूत असते. तिच्यापर्यंत नेणारी वाट तेवढी हरवलेली असते. ती वाट कोणी आखायची, या वादाचा हा इतिहास. #थ्रेड

२/ मूळ पेच असा, की प्रोग्राम स्मृतीत आणायलाही प्रोग्रामच लागतो. १९५२ च्या आयबीएम ७०१ वर यासाठी 'लोड' बटण होते. १९७५ च्या अल्टेअर ८८०० ला तीही सोय नव्हती. आरंभीच्या आज्ञा दर्शनी भागावरचे स्विच वरखाली करून एकेक भराव्या लागत. एक स्विच चुकला की यंत्र निपचित.

३/ १९८१ च्या आयबीएम पीसीत हे काम रॉममधील बायोसकडे आले. १९८३ मध्ये हार्ड डिस्कसोबत मास्टर बूट रेकॉर्ड आला. डिस्कच्या आरंभीचे केवळ ५१२ बाइट: ४४६ आज्ञांसाठी, ६४ पार्टिशनच्या तक्त्यासाठी, २ ओळखखुणेसाठी. जागा एकच होती. पुढे दावेदार वाढले.

४/ १९९० च्या दशकात विंडोज आणि लिनक्स एकाच डिस्कवर नांदू लागले. विंडोज बसवताना त्या ४४६ बाइटांवर, कोणालाही न विचारता, विंडोजच्याच आज्ञा लिहिल्या जात. लिनक्स डिस्कवर जागच्या जागी असे, पण त्याला हाक मारणारे कोणी उरत नसे. 'आधी विंडोज, मग लिनक्स' हा दंडक यातूनच रूढ झाला.

५/ लिनक्सचा तेव्हाचा बूटलोडर 'लिलो'. आपल्या नावाची चार रोमन अक्षरे तो टप्प्याटप्प्याने पडद्यावर उमटवी. यंत्र कोठे अडले, हे अक्षरे मोजून कळे. पहिली दोनच उमटली, तर दुसरा टप्पा स्मृतीत आला पण चालला नाही, असे समजावे. कर्नल डिस्कवर नेमका कोठे आहे, याची नोंद लिलो आधीच करून ठेवी. कर्नल बदलून लिलो पुन्हा चालवला नाही, तर तो जुन्याच पत्त्यावर जाई. फाइल सिस्टीम स्वतः वाचू शकणाऱ्या 'ग्रब'ने ही अडचण दूर केली.

६/ २००५ मध्ये यूईएफआय फोरम स्थापन झाला. आता प्रत्येक सिस्टीमचा बूटलोडर वेगळ्या पार्टिशनवर, स्वतंत्र फाइल म्हणून नांदू शकतो. मात्र जुन्या बायोस पद्धतीने बसवलेली सिस्टीम केवळ यूईएफआय पद्धतीने चालणाऱ्या यंत्रावर सुरू होत नाही.

७/ २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर सिक्युअर बूट आले. वाटेत दडणाऱ्या घातक प्रोग्रामना रोखण्यासाठी केवळ स्वाक्षरी असलेल्या बूटलोडरलाच प्रवेश मिळू लागला. हेतू रास्त होता. पण बहुतेक पीसींवर स्वाक्षरीची किल्ली मायक्रोसॉफ्टच्या हाती राहिली. लिनक्सला 'शिम' नावाच्या छोट्या प्रोग्रामवर तिची स्वाक्षरी घ्यावी लागली.

८/ ऑगस्ट २०२४ मध्ये याची किंमत दिसली. ग्रबच्या सदोष जुन्या आवृत्त्या रोखणारे एक विंडोज अपडेट दोन सिस्टीम असलेल्या संगणकांना लागू होणार नव्हते. तरी ते अनेकांवर लागू झाले आणि तेथील लिनक्स सुरू होईना. सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून वापरकर्त्यांना मार्ग काढावा लागला.

९/ म्हणून बंद पडलेल्या संगणकाची तपासणीही याच क्रमाने करावी. बायोस की यूईएफआय? बूटलोडरची नोंद शाबूत आहे का? त्याची स्वाक्षरी मान्य होते का? डिस्क पुसून सर्व नव्याने बसवण्याचा विचार त्यानंतरच करावा. यंत्र ज्याने विकत घेतले त्याचे असते. त्यात प्रथम कोणी बोलायचे, हे मात्र आजही बहुधा दुसराच ठरवतो.