३१० रुपयांचा एलईडी बल्ब ३८ रुपयांवर कसा आला?

धुळे-सोलापूर महामार्गावर बीड जिल्ह्यातल्या मांजरसुंब्याला रात्री थांबलात, तर धाब्याच्या पाटीपासून पानटपरीपर्यंत एलईडीचा उजेड दिसेल. दहा-बारा वर्षांपूर्वी हाच बल्ब बाजारात चारशे रुपयांच्या पुढे होता. आता तो शंभराच्या आत मिळतो. हे झालं कसं?

सुरुवातीला महाग का होता?

पांढऱ्या उजेडासाठी आधी निळा एलईडी लागतो. तो जपानी संशोधकांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रत्यक्षात आणला आणि त्यासाठी तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. कोणतीही नवी वस्तू आली की संशोधनाचा आणि कारखान्याचा खर्च पहिल्या मोजक्या ग्राहकांकडून वसूल होतो. उत्पादन वाढलं की तोच खर्च लाखो नगांवर विभागला जातो.

भारतात नेमकं काय घडलं?

ईईएसएल या सरकारी कंपनीने देशभराची मागणी एकत्र करून मोठ्या निविदा काढल्या. २०१४ मध्ये तिला एक बल्ब ३१० रुपयांना पडला होता. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेत खरेदी कोट्यवधींवर गेली आणि २०१६ मध्ये हा दर ३८ रुपयांवर आला. विक्रीची खात्री मिळाल्याने कंपन्यांनी उत्पादन वाढवलं आणि निविदेत एकमेकींपेक्षा कमी दर लावले. त्याच काळात जगभरात एलईडी चिपही स्वस्त होत होत्या.

मग थांबणं शहाणपणाचं होतं का?

हिशोब करून बघा. ६० वॅटच्या जुन्या बल्बऐवजी ९ वॅटचा एलईडी रोज ५ तास लावला, तर वर्षाला सुमारे ९३ युनिट वाचतात. युनिटला ५ रुपये धरले तरी ४६५ रुपये झाले. म्हणजे चारशेचा बल्बसुद्धा वर्षभरात वसूल होत होता! स्वस्त होण्याची वाट बघणाऱ्याचे पैसे तोवर वीजबिलात जात होते.

अडचण एकरकमी चारशे रुपयांची होती. हातावर पोट असणाऱ्याला ते जमत नव्हतं, म्हणून सगळ्यात जास्त गरज असलेल्या घरालाच बचत सगळ्यात उशिरा मिळाली. उजाला योजनेत अनेक ठिकाणी बल्बचे पैसे वीजबिलातून हप्त्याने भरायची सोय होती, ती यासाठीच.

तुम्ही काय करायचं?

- वस्तू दर महिन्याचा खर्च वाचवत असेल (कमी विजेचा पंखा, सोलर), तर किंमत किती महिन्यांत वसूल होते ते आधी काढा. वसुली लवकर होत असेल तर थांबू नका.
- नव्या मोबाइलसारखी वस्तू खर्च वाचवत नसेल आणि जुनी चालत असेल, तर थांबा. नवं मॉडेल आलं की आधीचं बहुतेक वेळा स्वस्त होतं.
- हप्त्यावर घेताना व्याज धरून एकूण रक्कम बघा. बचतीपेक्षा व्याज जास्त असेल, तर ती वस्तू तुमच्यासाठी अजून महागच आहे.