प्रतिजैविकांचे अधिशोषण : जुन्नर व आंबेगाव

पाण्यात उतरलेली प्रतिजैविके सच्छिद्र घन पदार्थाच्या पृष्ठभागावर धरून ठेवून पाण्यातून काढण्याची पद्धत. धरणाऱ्या पदार्थाला अधिशोषक म्हणतात. सक्रिय कोळसा, बायोचार, चिकणमाती, झिओलाइट आणि प्रयोगशाळेत घडवलेले धातु-सेंद्रिय जाळीदार पदार्थ ही त्याची मुख्य उदाहरणे. चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममध्ये सुमारे ५०० ते १,५०० चौरस मीटर पृष्ठभाग असतो.

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेला असलेल्या जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांतून कुकडी, पुष्पावती, मीना आणि घोड या नद्या वाहतात. माणिकडोह, पिंपळगाव जोगे, येडगाव, वडज व डिंभे या धरणांमुळे हा बागायती मुलूख झाला. नारायणगावचा टोमॅटो, ऊस, कांदा, बटाटा, दूधधंदा आणि कुक्कुटपालन यांवर तो उभा आहे. अशा मुलखात प्रतिजैविके पाण्यात येण्याच्या वाटा अनेक असतात : जनावरांचे मलमूत्र, कोंबडीखत, दवाखान्यांचे व घरांचे सांडपाणी. टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाचा मोठा भाग शरीरातून न बदलता बाहेर पडतो.

आणखी एक वाट फवारणीची. टोमॅटोवरील जिवाणूजन्य ठिपके आणि डाळिंबावरील तेल्या यांसाठी शेतकरी स्ट्रेप्टोसायक्लिन वापरत आले. त्यात नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन व एक भाग टेट्रासायक्लिन असते. १९५४ मध्ये पिंपरीत स्थापन झालेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी याच नावाने ते विकत असे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने या दोन औषधांचा शेतीतील वापर थांबवण्याच्या आदेशाचा मसुदा काढला. त्याआधी, जुलै २०१९ मध्ये, खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांना व कोंबड्यांना कोलिस्टिन हे प्रतिजैविक देण्यावर बंदी आली होती.

या भागातली काळी जमीन स्वतःच एक अधिशोषक आहे. तिच्यातील माँटमोरिलोनाइट या चिकणमातीच्या पापुद्र्यांवर ऋण भार असतो. धन भाराचे स्ट्रेप्टोमायसिन तिथे घट्ट बसते. टेट्रासायक्लिनही पापुद्र्यांत शिरते; सोबत फवारलेल्या कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकातला तांब्याचा आयन दोघांमध्ये दुवा होऊन पकड वाढवतो. सल्फामेथॉक्सॅझोल हे प्रतिजैविक मात्र उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी जमिनीत ऋण भार घेते, मातीला चिकटत नाही आणि झिरपत विहिरीकडे जाऊ शकते. एकच अधिशोषक सगळ्या औषधांना चालत नाही, याचे कारण हेच. टेट्रासायक्लिनचा भार पाण्याच्या सामूप्रमाणे तीनदा बदलतो, म्हणून सामू नोंदवल्याशिवाय दिलेला कोणताही आकडा अर्धवट समजावा.

दख्खनच्या बेसाल्टमधील झिओलाइट स्फटिक संग्राहकांना परिचित आहेत. पण नैसर्गिक झिओलाइटची छिद्रे बहुधा एक नॅनोमीटरपेक्षाही अरुंद असतात. टेट्रासायक्लिनसारखा मोठा रेणू आत जात नाही, तो बाहेरच्या पृष्ठभागावरच बसतो. अमोनिया काढायला झिओलाइट उत्तम, या कामाला दुय्यम.

कच्चा माल म्हणून उसाचे चिपाड अधिक आशादायक. जुन्नरमध्ये विघ्नहर आणि आंबेगावमध्ये भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने आहेत. गाळलेल्या उसाच्या वजनाच्या साधारण ३० टक्के चिपाड निघते. कमी ऑक्सिजनमध्ये ४०० ते ७०० अंश सेल्सिअसला तापवल्यावर त्याचा बायोचार होतो. वाफेने किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइडने सक्रिय केला की छिद्रे वाढतात. अडचण एवढीच, की चिपाड फुकट पडलेले नसते : कारखान्याचा बॉयलर आणि वीजनिर्मिती त्यावरच चालते. बॉयलरची राख मात्र उरते, आणि न जळलेला कोळसा असलेल्या राखेवरही अधिशोषकाचे प्रयोग झाले आहेत.

प्रयोगशाळेतले निकाल वाचताना सावध राहावे लागते. महाविद्यालयीन प्रयोगात लिटरमागे काही मिलिग्रॅम औषध शुद्ध पाण्यात घालतात, वर्णपटमापीने उरलेले मोजतात आणि लँगम्युअरच्या १९१८ च्या अधिशोषण समीकरणात आकडे बसवतात. नदीत हे प्रमाण सहसा हजारो ते लाखो पटींनी कमी असते. शिवाय तिथे कुजलेल्या पाल्याचे सेंद्रिय द्रव्य आणि कॅल्शियम त्याच जागांसाठी झगडतात. हैदराबादजवळ पाटनचेरूच्या सांडपाणी केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात मात्र लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक आढळले होते (२००७). यावरून या पद्धतीची खरी जागा कळते : औषध दाट आहे तिथे, म्हणजे कारखाना, दवाखाना किंवा कोंबड्यांच्या शेडच्या निचऱ्यावर. धरणाच्या पाण्यात कोळसा टाकून काही साधत नाही.

अधिशोषणाने औषध नष्ट होत नाही, फक्त जागा बदलते. भरलेला कोळसा खत म्हणून शेतात पसरला तर औषध पुन्हा मातीत जाते आणि तिथल्या जिवाणूंना प्रतिकार शिकवू शकते. तो उच्च तापमानाला जाळावा किंवा भट्टीत पुनरुज्जीवित करावा लागतो. हा खर्च धरल्याशिवाय ‘स्वस्त अधिशोषक’ हा दावा पूर्ण होत नाही.