वायुमापन, लोकसहभागी
प्रदूषणग्रस्त वस्तीतील रहिवाशांनी परिसरातील हवेची गुणवत्ता स्वतः मोजण्याची पद्धत (पहा : वायुप्रदूषण). तिचे आधुनिक रूप १९९५ च्या सुमारास कॅलिफोर्नियात आले. तेलशुद्धीकरण कारखान्यांलगतचे लोक प्लॅस्टिकच्या बादलीत बसवलेल्या पिशवीत हवा भरून प्रयोगशाळेकडे पाठवत. २००४ मध्ये तमिळनाडूतील कडलूर औद्योगिक वसाहतीतही हीच बादली वापरली गेली. महाराष्ट्रात वातावरण फाउंडेशनने जानेवारी २०२१ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे गाळणीच्या पांढऱ्या कापडाची मोठी फुप्फुसे उभारली. मागील पंखे हवा ओढून घेत. सुमारे दहा दिवसांत ती फुप्फुसे काळवंडली. २०२२ मध्ये चंद्रपुरातही (पहा : औष्णिक वीज केंद्र) असा प्रयोग झाला. अर्थात हे प्रात्यक्षिक होय, काटेकोर मापन नव्हे.

मापनासाठी आता लहान संवेदक वापरतात. कणांवरून विखुरलेल्या लेसर प्रकाशावरून ते सूक्ष्म धूलिकणांचे (पीएम २.५) प्रमाण काढतात. दमट हवेत ओलाव्याने फुगलेले कण व धुक्याचे थेंबही मोजले जाऊन आकडा चढतो. म्हणून संवेदक अधिकृत केंद्राशेजारी ठेवून ताडून घेतात. पीएम २.५ साठी भारतीय मर्यादा (२००९) चोवीस तासांच्या सरासरीने दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. अधिकृत केंद्रे विरळ असल्याने गल्लीतील किंवा कारखान्याच्या कुंपणालगतची हवा त्यांच्या नोंदीत येत नाही. ती उणीव या मापनाने अंशतः भरून निघते.