टोळीचा कायदा आणि आपली पावती

१३ डिसेंबर १९४२ रोजी गारगोटीच्या कचेरीवर हल्ला झाला. त्यात सात जण हुतात्मे झाले. आज आपण त्यांना मानवंदना देतो. पण त्या काळच्या दंडसंहितेच्या भाषेत पाच किंवा अधिक माणसांनी मिळून सरकारी खजिन्यावर घातलेला तो दरोडाच होता. टोळी कोणती आणि चळवळ कोणती, हे ठरवणारा सत्तेवर बसलेला असतो. गारगोटीकरांना हे कुणी शिकवायला नको.

आपल्या समाजांना तर टोळी ठरण्यासाठी काही करावेही लागत नव्हते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्म हाच गुन्हा ठरवला. आमच्या कोल्हापूर संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड यांना हजेरी द्यावी लागे. राजर्षी शाहूंनी ती १९१८ मध्ये बंद केली. गुन्हेगार जमाती कायदा देशातून जायला मात्र १९५२ साल उजाडावे लागले.

हा इतिहास मी उगाळतो त्याला कारण आहे. महाराष्ट्रात १९९९ मध्ये संघटित गुन्हेगारीविरुद्ध मोक्का आला. शिक्षा झाल्यावर आरोपीची स्थावर-जंगम मालमत्ता सरकारजमा करण्याचा आणि खटला चालू असतानाच ती जप्त ठेवण्याचा अधिकार त्याने विशेष न्यायालयाला दिला. ज्या मालमत्तेचा समाधानकारक हिशोब देता येत नाही ती गुन्ह्यातून आली, असे गृहीत धरण्याची तरतूदही केली. खंडणीबहाद्दरांची माया जप्त व्हावी याबद्दल माझी तक्रार नाही. खंडणीचा जाच छोट्या दुकानदाराला आणि हातगाडीवाल्यालाही होतो. माझा प्रश्न हिशोबाचा आहे. ज्याच्या आज्याच्या नावावर सातबारा नव्हता, ज्याने शेळी बाजारात रोखीने घेतली आणि बायकोच्या गळ्यातले मणी पावतीशिवाय केले, त्याने समाधानकारक हिशोब द्यायचा कसा?

अशा कायद्यांना आव्हाने दिली गेली. आणीबाणीत, १९७६ मध्ये, स्मगलरांची मालमत्ता जप्त करण्याचा कायदा आला. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी १९९४ मध्ये तो वैध ठरवला. परंतु नातेवाइकांची मालमत्ता घ्यायची तर तिचा धागा मूळ माणसाच्या बेकायदा कमाईशी जुळला पाहिजे, असेही सांगितले. नाते हा पुरावा नव्हे, हे त्या निकालाचे सार मला मोलाचे वाटते. मोक्कातली दूरध्वनी चोरून ऐकण्याची कलमे मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ती पुन्हा उभी केली. जप्तीचे कलम पुस्तकात कायम आहे.

१ जुलै २०२४ पासून तर जप्तीसाठी टोळीचीही गरज उरली नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ नुसार कोणत्याही गुन्ह्यातून आलेली मालमत्ता जप्त होऊ शकते. खुलाशाला मुदत चौदा दिवस. शिक्षा होईपर्यंत थांबण्याचे बंधन त्यात लिहिलेले नाही. आणि न्यायालयेही चुकतात. भटक्या समाजातील सहा मजुरांना सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये फाशीची शिक्षा दिली आणि २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. दहा वर्षांत त्यांचे प्राण वाचले. जप्त होऊन वाटली गेलेली शेळी दहा वर्षांनी कोण परत आणणार?

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या खंडपीठाने सांगितले की केवळ आरोपी आहे म्हणून कुणाचे घर पाडता येणार नाही. पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागेल. या निकालाचे मी स्वागत करतो. पण रस्ता, फूटपाथ, रेल्वेलाईन, नदीकाठ अशा सार्वजनिक जागेवरच्या अनधिकृत बांधकामाला हे संरक्षण नाही. आपले पाल नेमके तिथेच पडते.

ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागले आहे. मोक्काखालील निकालाविरुद्ध अपिलाला तीस दिवस मिळतात. त्यासाठी गारगोटीच्या माणसाला आता मुंबई गाठावी लागत नाही. न्यायालय जवळ आले, पण कागद अजून दूर आहे. म्हणून कार्यकर्त्यांनी सभेइतकेच या कामाकडे लक्ष द्यावे: वस्तीतल्या प्रत्येक घराची घरपट्टी, वीजबिल, मजुरीची नोंद, जनावराची पावती गोळा करून ठेवावी. नोटीस आली की त्याच दिवशी वकिलाकडे जावे. काल हजेरीच्या वहीत आपले नाव त्यांनी लिहिले. आज आपल्या मिळकतीची वही आपण लिहिली पाहिजे.