नॉमिनीच्या रकान्यामागचा माणूस

विमा विकणारा एजंट लक्षात राहतो; खिडकीमागे बसून पत्ता बदलणारा, नॉमिनी नोंदवणारा कर्मचारी कुणाला आठवत नाही. ही सेवा कंपन्यांनी सौजन्यापोटी सुरू केली असे मानले जाते. मला तिचे मूळ कायद्यात दिसते. १९३८ च्या विमा कायद्याचे कलम ३८ पॉलिसी दुसऱ्याच्या नावे करण्याविषयी, तर ३९ नामनिर्देशनाविषयी आहे. दोन्हींची नोंद कंपनीच्या दप्तरी हवी. म्हणजे विक्रीनंतरही पंचवीस-तीस वर्षे कुणीतरी दप्तर सांभाळणे आलेच.

एजंट हे करत नव्हता का? अर्ज आणून देण्यापुरते करत होता. पण त्याचे कमिशन पहिल्या वर्षी मोठे, पुढे तुटपुंजे; जुन्या पॉलिसीसाठी हेलपाटे घालण्यात त्याला काय मिळणार? शिवाय १९५६ च्या राष्ट्रीयीकरणात २४५ विमा संस्थांचा व्यवसाय आयुर्विमा महामंडळाकडे आला. विकणारी कंपनीच उरली नाही, वचन मात्र उरले, आणि ते जुन्या नोंदींवर टिकले. कुणी म्हणेल, ही तर निव्वळ कारकुनी. तसे असते तर सरबती देवी खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला नसता. नॉमिनी पैसे फक्त स्वीकारतो, हक्क वारसांचा, असे न्यायालयाने १९८३ साली तिथे ठरवले. २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, जोडीदार आणि मुले नॉमिनी असतील तर तेच लाभाचे धनी ठरले. रकाना तोच, अर्थ बदलला. आणि तो समजावून सांगण्याचे काम पुन्हा त्या खिडकीवर आले.